फागीबाईची हाक

"तुळशी सोम्या भोयेऽ, साखरशेऽत!"

फागीबाईची पहिली हाक व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून धुक्यात शिरली आणि तिथंच कुठंतरी हरवली. आषाढात जव्हारला धुकं असं उतरतं की कचेरीच्या आवारातला आंबासुद्धा दिसेनासा होतो. आंब्याखाली तारखेला आलेली माणसं बसलेली असतात, पण असतात असं आपण मानायचं. बाहेर काही हललं नाही.

फागीबाईनं पदर सारखा केला, थोडी थांबली, आणि दुसऱ्यांदा हाक मारली. तरी कुणाचा पत्ता नाही.

आत मॅडमनी फाइलीतून मान वर केली. दावे ऐकून निकाल देणाऱ्या या अधिकारी जव्हारला नव्यानंच बदलून आल्या होत्या. "आलेल्या दिसत नाहीत, भाऊसाहेब. गैरहजर लिहा."

"आल्यात, मॅडम," मी कारकुनाच्या टेबलावरून म्हटलं. "अजून तिसरी व्हायचीय."

तिसरी झाली. तशी आंब्याच्या बाजूनं "ओऽ" आली, आणि धुक्यातून आधी एक काळी छत्री, मग छत्रीखालची तुळशी, असं करत करत ती पायऱ्यांशी उमटली. मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या.

आमच्याकडे दिसत नसलेल्या माणसाच्या पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसरीलाही नाही. रानात कोण कुणाच्या आवाजात हाक मारील याचा नेम नसतो. जे माणूस नाही ते एकदा हाक मारून गप्प बसतं, फार तर दोनदा मारतं. तिसरी हाक फक्त माणूसच मारतो. आधीच ओ दिलीत तर गेलात, मग समोर जे येतं त्याची पावलं उलटी असतात. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, पण मोखाड्यापासून जामसरपर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

कचेरीत हाक मारायचं काम आधी फागीबाईच्या नवऱ्याचं, बुध्याचं होतं. तो गेल्यावर अनुकंपेवर तिला शिपायाची नोकरी मिळाली आणि नोकरीबरोबर हाकही आली. बुध्या ओरडायचा. ही ओरडत नसे. शेताच्या बांधावरून जेवायला बोलवावं तशी ती नाव घेई, गावाच्या नावातलं शेवटचं अक्षर जरा लांबवी, आणि थांबे. तिचं ते थांबणं मला फार आवडायचं. सबंध कचेरी तेवढा वेळ कान देऊन असे.

आमच्याकडे वनहक्काचे दावे चालतात. कोणत्या डोंगरउतारावर कोण, कधीपासून कसतंय, ते ठरवायचं. निकाल म्हणजे शेवटी एक सही असते, पण सहीच्या आधी समोरच्याला बोलू द्यायचं, असा कायदा आहे. मोठ्या पुस्तकांत त्याला नैसर्गिक न्याय म्हणतात. आमच्या कचेरीत त्याला फागीबाई म्हणत.

तुळशीचा दावा साखरशेतच्या वरच्या अंगाच्या वरकस जमिनीचा होता. नागली आणि वरई पिकवायची, दोन-तीन वर्षांनी जमीन दमली की तिला पडू द्यायचं, तोवर शेजारचा तुकडा कसायचा, अशी ती शेती. सासऱ्यानं केली, नवऱ्यानं केली. सोम्या वारल्यावर ती एकटी करत होती. तेवढा उतार सोडला तर तिच्याजवळ राहत्या झोपडीपलीकडे काही नव्हतं. त्या दिवशी मोजणीचा नकाशाच आला नाही, म्हणून तिला पुढची तारीख दिली.

"पुढल्या वेळी कोन हाक मारील?" जाताना तिनं फागीबाईला विचारलं.

"मीच की. दुसरा कोन?"

"मंग येते," म्हणत ती परत धुक्यात विरून गेली. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

पण पुढच्या तारखेच्या आधी यंत्र आलं.

यंत्र म्हणजे दिसायला काहीच नव्हतं. एक पडदा, एक डबा, आणि गौतम. गौतम मूळ मोखाड्याचा, शिकून ठाण्याच्या एका कंपनीत लागलेला, तिशीतला हसरा माणूस. दावे तुंबलेत, माणसांना खेपा पडतात, दिवसाची मजुरी बुडते, म्हणून आता कृत्रिम बुद्धिमत्ता मदत करणार होती. ती आभाळातून काढलेले जुने फोटो पाहणार, कागद वाचणार, निकालाचा मसुदा लिहिणार, आणि तारखेची हाकसुद्धा तीच फोनवरून मारणार. वरून एक नवा नियमही आला होता. दावेदार फोनवर हो म्हणाला तर त्यानं यायची गरज नाही, सुनावणी नुसत्या कागदांवर होईल. कुणाचं वाईट चिंतून केलेलं यात काहीच नव्हतं. मला तर ते बरंच वाटलं होतं, लिहायचं काम कमी झालं म्हणून.

यंत्राचा आवाज गोड होता, शहरातल्या बाईचा. तो पाड्यापाड्यांवर फोन करी, एकदा नाव घेई, आणि उत्तर आलं नाही की बंद होई. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. आता एकदाच हाक मारून गप्प होणारं काय असतं ते इथं सगळ्यांना माहीत. लोकांनी फोन कानाला लावला, नाव ऐकलं, आणि श्वास रोखून बसले. साखरशेतच्या धोंडीबाईनं तर फोन राखेत पुरून ठेवला म्हणे. पडद्यावर एकाखाली एक शब्द उमटत गेले, प्रतिसाद नाही, प्रतिसाद नाही.

गौतमनं कपाळावर हात मारला. "माझ्या डोक्यातच आलं नाही, भाऊसाहेब. माझी आजी अजून पहिल्या हाकेला ओ देत नाही. मी दार वाजवून आत जातो तरी देत नाही."

आणि मग त्यालाच ती कल्पना सुचली. आवाज फागीबाईचा घ्यायचा.

मागच्या खोलीत खिडकीला घोंगडी लावली, पंखा बंद केला, आणि फागीबाईला खुर्चीवर बसवलं. ती खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. समोर ज्वारीच्या कणसाएवढा माइक.

"मावशी, कुठलीही नावं घ्या. नेहमी घेता तशी. यंत्र तुमचा आवाज शिकेल, मग ते आपलं आपण बोलेल."

फागीबाईनं डोळे मिटले. एक नाव घेतलं आणि थांबली.

"पुढचं घ्या."

"ओ येऊ दे ना आधी."

"इथं कोण ओ देणार, मावशी?"

"तू तुझा काम कर," ती म्हणाली, आणि थांबायची तेवढी थांबूनच पुढचं नाव घेतलं.

मी दाराशी उभा होतो. कामाला जायला हवं होतं, पण पाय निघेना. ती इतक्या वर्षांत हाक मारलेली माणसं एकेक करून बोलवत होती. भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेली, लग्न होऊन डहाणूकडे गेलेली, दाव्याचा निकाल लागायच्या आत मरून गेलेली. त्यांची नावं घेतानाही तिचा आवाज बदलत नव्हता. नाव, गाव, आणि मग ते थांबणं. घोंगडीच्या अंधारात ती कुणाकुणाची ओ ऐकत होती कोण जाणे, कारण मधूनच ती मान हलवी आणि हलकेच हसे. सोम्याचंही नाव तिनं घेतलं. शेवटी बुध्याचं घेतलं, नवऱ्याचं नाव, जे तिच्या तोंडून कचेरीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्याच्यासाठी ती सगळ्यांपेक्षा जास्त थांबली. मला तिथून निघून जावंसं वाटलं आणि मी गेलो.

आठवड्याभरात आवाज तयार झाला. गौतमनं तो पहिल्यांदा तिलाच ऐकवला. डब्यातून हाक आली, "फागी बुध्या महालाऽ, जव्हाऽर!" अगदी तीच. शेवटचं अक्षर तसंच लांबवलेलं. मध्ये थांबणंसुद्धा तसंच. तीन हाका झाल्या. फागीबाई टक लावून डब्याकडे पाहत राहिली.

"ओ द्या की, मावशी," गौतम हसत म्हणाला.

"माझ्या हाकेला मीच ओ दिली, तं हाक मारनारी कोन?" ती म्हणाली आणि चहाचे कप उचलून निघून गेली.

यंत्राचं काम मात्र धडाक्यात सुरू झालं. लोक तिसऱ्या हाकेला ओ देऊ लागले. फागीबाई म्हणजे आपली बाई, ती काय वाईट सांगणार आहे? तिनं हो म्हणा म्हटलं की लोक हो म्हणत. आंब्याखाली कुणी बसेनासं झालं. व्हरांडा सुना पडला आणि धुकं उंबऱ्यापर्यंत येऊन परत जाऊ लागलं. मॅडमच्या टेबलावर तयार निकाल येत, कारणांसकट, एक काना-मात्रा चुकलेली नसे. मॅडम वाचत, सही करत. मी शिक्का मारी.

फागीबाईला काम उरलं नाही. ती व्हरांड्याच्या कठड्याला टेकून बसे. एकदा मला म्हणाली, "भाऊसाहेब, माला एक सपान पडतं. माझा आवाज माझ्याआधी उठतो. कडी काढतो आन् डोंगर उतरून जातो. मी मागून पळते, थांब म्हनते, पन माझ्या तोंडातून काय निघतच नाय."

"पडायचंच असं स्वप्न," मी म्हटलं. "सवय होईल."

दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला तेव्हा वाटलं असणार.

दसऱ्याच्या आधी तुळशी आली. तारीख नसताना आली. ती व्हरांड्याच्या खालीच उभी राहिली, पायरी चढली नाही. हातात आमच्या कचेरीचा निकाल, पावसानं भिजलेला.

"फागे," ती म्हणाली, "तू माला असा का केलास?"

फागीबाई उठून उभी राहिली. "काय केला मी?"

"तूच ना फोन केलास? तीनदा नाव घेतलास. मी ओ दिली. तू म्हनलीस, कचेरीत यायची गरज नाय, कागदावर होईल, हो म्हन. तू म्हनलीस म्हनून मी हो म्हनले. आन् आता शाळेतला मास्तर वाचून सांगतो का जमीन तुझी नाय. आभाळातनं काढल्या जुन्या फोटूत तिथं झुडपा व्हती म्हनं."

"मी नाय ग बोलले, बाय. यंत्र बोलला."

"आवाज तुझा व्हता."

फागीबाईचा चेहरा उतरला. "आवाज माझा व्हता," ती म्हणाली. "पन त्यात मी नव्हते."

"त्या साली आम्ही वरची जमीन पडू दिली व्हती. खालची कसत व्हतो. झुडपा नाय येनार तं काय येनार? मी इथं येऊन तेवढाच सांगनार व्हते. तेवढाही तू सांगू दिला नाय." तुळशी रडत नव्हती. ओरडतही नव्हती. फक्त फागीबाईकडे परक्यासारखी पाहत होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय बोलणार? निकाल तिनं पायरीवर ठेवला, वर एक दगड ठेवला, आणि निघून गेली.

फागीबाईनं तो कागद उचलला आणि सरळ मॅडमच्या खोलीत गेली. चहा घेऊन नाही, बोलावल्याशिवाय. नोकरीत पहिल्यांदाच.

"माझा आवाज परत द्या," ती म्हणाली.

मॅडमनी तिला बसवलं. सगळं ऐकून घेतलं. माणूस सरळ होता तो. पण कायदा असा की एकदा दिलेला निकाल स्वतःच्या मनानं फिरवता येत नाही. दावेदारानं संमती दिली आहे, संमतीची नोंद आहे. निकाल उघडायचा तर तसं कारण पाहिजे.

"ती नोंद ऐकता येईल का?" मॅडमनी गौतमला विचारलं.

गौतमनं डब्याला काहीतरी सांगितलं, आणि खोलीत फागीबाईचा आवाज आला. तीन हाका. मग दूरवरून तुळशीची ओ.

"आपली सुनावणी केवळ कागदपत्रांच्या आधारे घेण्यास आपली हरकत नसल्यास हो म्हणा," डब्यातली फागीबाई म्हणाली.

"आगं, फागी बाय!" तुळशीचा आवाज एकदम उजळला. "किती दिवसांनी ग. तुझा गुडघा कसा हाय? आमची नागली यंदा चांगली आली. ये ना एकदा, भाकर खाऊन जा."

"आपले उत्तर समजले नाही. हरकत नसल्यास हो म्हणा."

"अशी काय बोलतेस सायबीनीसारखी?" तुळशी हसली. "साहेब बाजूला हायेत का? बरा बरा. तू सांगशील तसा. हो."

"धन्यवाद. आपली संमती नोंदवली आहे."

"आन् ये हां," तुळशी म्हणाली. पलीकडे कुणी नव्हतं. "ऐकलास का? फागी?"

मग नुसती खरखर. गौतमनं पुढं होऊन ती बंद केली. तो खाली मान घालून उभा राहिला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, पण त्याला तसं म्हणायचं धाडस मला झालं नाही, कारण शिक्का माझा होता. मॅडमनी तुळशीचा भिजलेला निकाल पुढं ओढला. फागीबाई तेवढी कोरड्या डोळ्यांनी बसली होती. तिचा एक हात गुडघ्यावर होता.

"ही संमती कचेरीला दिलेली नाही," मॅडम शेवटी म्हणाल्या. "ही मैत्रिणीला दिलीय. भाऊसाहेब, लिहा. फागीताईंचा जबाब घ्या. या आवाजावर घेतलेल्या सगळ्या संमत्या तपासायच्या. ज्यांना बोलायचंय त्यांची सुनावणी पुन्हा लावा, समोरासमोर. वर काय कळवायचं ते मी कळवते."

"आन् आवाज?" फागीबाईनं विचारलं.

गौतम म्हणाला, "काढून टाकतो, मावशी. आत्ता, तुमच्या डोळ्यांदेखत."

"पन बाहेर गेला तो?"

गौतम पडद्याकडे वळला आणि त्यानं आवाज पुसायला घेतला.

साखरशेतच्या पहिल्या तारखेचा निरोप गावचा कोतवाल स्वतः घरोघर देऊन आला. त्या दिवशी धुकं पुन्हा उतरलं होतं. परतीचा पाऊस झालेला, आवारात चिखल, आणि आंब्याच्या जागी एक करडा गोळा. त्याच्याखाली माणसं आली होती. मघाशी एसटीतून उतरून ती फाटकातून आत शिरताना मी पाहिली होती. तुळशीची काळी छत्रीही पाहिली होती.

मॅडमनी पहिली फाइल उघडली. "पुकारा करा, फागीताई."

फागीबाई व्हरांड्याच्या कडेला गेली. पदर सारखा केला.

"तुळशी सोम्या भोयेऽ, साखरशेऽत!"

बाहेर शांत. ते ठीकच होतं. ती थांबली, दुसरी हाक मारली. तेही ठीक होतं. मग तिसरी मारली.

ओ आली नाही.

आम्ही वाट पाहिली. धुक्यात कुणीतरी खोकलं. म्हणजे माणसं होती, ऐकत होती, पण दुधानं तोंड भाजलेली माणसं ती. ज्या आवाजानं तीन हाका मारून फसवलं, तोच आवाज आता परत तीन हाका मारत होता. त्याला ओ द्यायची तरी कशाच्या भरवशावर? फागीबाईनं चौथी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. चौथ्या हाकेला आमच्याकडे काही अर्थ नाही.

माझ्यापुढे कागद होता. नियमाप्रमाणे मी गैरहजर लिहायला हवं होतं, आणि तसं लिहिलं की तुळशीचं बोलणं कायमचं राहून जाणार होतं. मी मॅडमकडे पाहिलं. "लिहू नका," त्या म्हणाल्या. "थांबा."

फागीबाई पायऱ्या उतरू लागली. तिचा गुडघा दुखत होता, एकेक पायरी ती आडवी होऊन उतरली. मी खिडकीशी गेलो. ती चिखल तुडवत आंब्याशी पोचली तेव्हा धुकं थोडं हललं आणि मला दोघी दिसल्या. तुळशी मुळावर बसलेली, छत्री मिटून मांडीवर धरलेली. तिनं वर पाहिलं नाही. फागीबाई तिच्यासमोर उभी राहिली. ती काही बोलली नाही. बोलायला जे लागतं त्यावर तिचा स्वतःचाच विश्वास उरला नव्हता बहुतेक.

तुळशी खाली तिच्या पायांकडे पाहत होती. ती काय पाहते हे फागीबाईच्या ध्यानात आलं. तिनं कचेरीच्या चपला काढून बाजूला सारल्या, साडीचा काठ घोट्याच्या वर धरला, आणि अनवाणी पावलं चिखलात नीट शेजारी शेजारी ठेवली. पावलं सरळ होती, बोटं तुळशीकडे.

तुळशीनं ती बराच वेळ न्याहाळली. मग वाकून एका पायाच्या अंगठ्याला हात लावून बघितला. मग तोच हात तिनं वर केला, आणि फागीबाईनं तिला धरून उठवलं.